ताडपत्री दहाच्या आत परत

लॅपटॉप माझा होता, म्हणून मी गेले. नाहीतर ऐन सुगीत, शनिवारी सकाळी सहाला बॉक्सिंग बघायला तालमीत मला कोण बोलावणार होतं?

झालं असं. जुना जगज्जेता माईक टायसन आणि यूट्यूबवरनं बॉक्सिंगमध्ये आलेला जेक पॉल यांचा 2024 च्या नोव्हेंबरातला सामना ठरला, तेव्हापासून आमच्या तालमीतली पोरं हवेत होती. टायसन 58 वर्षांचा, पॉल 27 चा. सामना आधी जुलैत होणार होता, पण टायसनच्या पोटातल्या अल्सरनं उचल खाल्ली म्हणून पुढे गेला. टेक्सासमधल्या आर्लिंग्टनला शुक्रवारी रात्री, म्हणजे आपल्याकडं शनिवारी, 16 तारखेला सकाळी. आदल्या दिवशी त्रिपुरी पौर्णिमा होती. देवळात दिवे लावायला आलेली अर्धी पोरं कोपऱ्यात मोबाइल धरून, सामन्याआधी दोघांचं वजन करतात त्या वेळचा व्हिडिओ बघत होती. पॉल हातापायांवर रांगत आला, टायसनच्या पायावर त्याचा पाय पडला आणि टायसननं काडकन त्याच्या थोबाडीत दिली. एक पणती लावायची, एकदा थोबाडीत बघायची, परत पणती.

तर तालमीच्या वरच्या हॉलमध्ये मोठ्या पडद्यावर दाखवायचं ठरलं. लग्नाचं शूटिंग करणाऱ्या एकाकडून प्रोजेक्टर आणला. पडदा म्हणून कुणाच्या तरी वाढदिवसाचा जुना फ्लेक्स उलटा करून भिंतीला ठोकला, कारण फ्लेक्सची पाठ पांढरी असते. आणि मग माझा धाकटा भाऊ घरी आला तो तोंड पाडूनच.

"अक्का, मोबाइलवरनं आवाज येतोय, चित्रच येईना."

हे मला ठाऊक होतं. असे सामने दाखवणाऱ्या ॲपवरचं चित्र मोबाइलवरून पडद्यावर मिरर करायला गेलं की बऱ्याचदा आवाज पोचतो, पण चित्र काळं पडतं. कुणी रेकॉर्ड करून घेऊ नये म्हणून तशी सोय केलेली असते. लॅपटॉपला एचडीएमआय केबल लावून सरळ प्रोजेक्टरला दिलं तर चालतं.

"मग तुझा लॅपटॉप दे की."

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका कारखान्याचे हिशेब मी लिहिते. लॅपटॉप हप्त्यांवर घेतलाय, अजून पाच हप्ते आहेत. मी म्हटलं, लॅपटॉप जाईल तिथं मी जाणार.

आता आमच्याकडं तालमीच्या मातीत बायकांनी पाय ठेवायचा नाही हा रिवाज. वस्तादांपर्यंत गोष्ट गेली. वस्तादांचं वय सत्तरीच्या पुढं, अजून रोज पहाटे स्वतः हौद्यातली माती उकरतात. त्यांनी जरा वेळ विचार केला आणि निकाल दिला : रिवाज मातीला आहे, जिन्याला नाही. जिना बाहेरून आहे. शिवाय त्याच हॉलमध्ये महिला मंडळाची भिशी भरते, ते इतकी वर्षं कुणाला खुपलेलं नाही. झालं, मी तांत्रिक सल्लागार.

प्रोजेक्टरचं चित्र रात्री झकास दिसलं. पण सामना सकाळी, आणि हॉलला पूर्वेकडं दोन मोठ्या खिडक्या. त्यांतली एक नेमकी फ्लेक्सच्या मागं. पडदा दुसऱ्या भिंतीला का लावला नाही, तर खिळे आधीपासून त्याच भिंतीला होते! दुसऱ्या भिंतीला ड्रिल मारायचा म्हणजे कमिटीची मीटिंग. मग खिडक्या झाकायला काय? एकीला गोणपाटं शिवून लावली. फ्लेक्समागच्या मोठ्या खिडकीला ताडपत्रीच पाहिजे, आणि नोव्हेंबरात आमच्या भागात ताडपत्री मागणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटातला घास मागणं. भातं कापून पडलेली, मळणीचं यंत्र ज्याला मिळेल त्याची धांदल. शेवटी काकीनं दिली. देताना दारातच बजावलं, "दहाला यंत्र येणार हाय खळ्यावर. दहाच्या आत परत पाहिजे. नाहीतर मी येऊन ओढून नेईन, मग तुमचा टायसन असू दे न्हाईतर त्याचा बाप."

"काकी, नऊला संपतंय सगळं," भाऊ म्हणाला. हे त्याला कुणी सांगितलं कुणास ठाऊक.

सकाळी साडेसहाला मुख्य कार्यक्रम सुरू झाला तेव्हा हॉलमध्ये पन्नासेक माणसं होती. थंडी चांगलीच पडलेली, सगळे मफलर-टोप्यांत. कुणाच्या तरी घरून उप्पीट आलं होतं. एका घरून फायबरच्या इंटरनेटची वायर गच्चीवरून ओढून आणली होती, ती ओढणारा हुक्केरीकडचा पोरगा दारात उभा राहून दर पाच मिनिटांनी मला धीर देत होता, "नोड्री अक्का, आगतद." बघा अक्का, होतंय.

होत नव्हतं. दर थोड्या वेळानं चित्र थांबायचं आणि मध्ये ते गोल चक्र फिरायला लागायचं. मी वाय-फाय सोडून वायर लावली, बाकीचे टॅब बंद केले, चित्राचा दर्जा खाली आणला. हॉलमधल्या सगळ्यांना मोबाइलचं वाय-फाय बंद करायला लावलं. काही उपयोग नाही. प्रत्येक वेळी चक्र फिरलं की पन्नास माणसं पडद्याकडं नाही, माझ्याकडं बघायची. हे पुढं दुपारी कळलं की जगभर त्या सकाळी लाखो लोकांच्या घरी हेच चक्र फिरत होतं. पण त्या घटकेला सगळं पाप माझ्या लॅपटॉपचं होतं. एकजण तर म्हणाला, "हप्त्यावरचा हाय, म्हणून."

त्यात आणखी एक गंमत. मागं बसलेला एकजण वाय-फाय बंद करून मोबाइल डेटावर तेच बघत होता आणि त्याचं चित्र आमच्या पुढं धावत होतं. पडद्यावर दोघं अजून एकमेकांभोवती फिरताहेत तोवर मागून "आयाऽयाऽ!" अशी आरोळी. मग अर्ध्या मिनिटानं आम्हाला तो ठोसा दिसायचा. दोन-तीनदा झाल्यावर वस्तादांनी मान न वळवता हात मागं केला. मोबाइल हातोहात पुढं आला आणि त्यांच्या मांडीखाली गेला. सामना संपेपर्यंत तो तिथंच होता.

पहिला सामना आपल्या माणसाचा. हरियाणाचा नीरज गोयत विरुद्ध ब्राझीलचा विंडरसन नुनेस. नुनेस हा मुळात लोकांना हसवणारा यूट्यूबवाला, गोयत कसलेला. तिन्ही पंचांनी गोयतलाच दिलं. हॉलमध्ये "बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय" झालं, आणि त्या गजरात सगळ्यांत मोठा आवाज सुभेदारमामांचा.

सुभेदारमामा नसते तर आम्हाला निम्मंही कळलं नसतं. मराठा लाइट इन्फन्ट्रीतून निवृत्त झालेले, तरुणपणी कंपनीकडून बॉक्सिंग खेळलेले. नाक जरा डावीकडं गेलंय, ते त्याच काळातलं. आमच्याकडं कुस्तीचं डोकं घराघरात आहे. आनंदवाडीच्या मैदानात जोड लागली की कोण कुणाला कधी पट काढणार हे आमची आज्जीसुद्धा सांगेल. पण कुस्ती चितपट झाली की झाली, आभाळ दिसलं की संपलं. इथं फेऱ्या, गुण, पंचांचे कागद. मामांनी सांगितलं : दर फेरीला जिंकणाऱ्याला 10, हरणाऱ्याला 9. खाली पडला तर सहसा 8. धक्का मारला, डोकं घातलं तर रिंगमधला पंच एखादा गुण कापतो. मी हिशेबाची बाई. भाचीच्या वहीतलं पान फाडलं आणि दोन रकाने आखले.

दुसरा सामना मारियो बॅरिओस आणि एबल रामोसचा. दोघंही एकेकदा खाली बसले, शेवटी बरोबरी. "बरोबरीत सोडवली म्हणायची," वस्ताद एवढंच बोलले आणि उप्पिटाची दुसरी बशी घेतली.

मग पोरांनी पाय मोकळे करायला सुरुवात केली, कारण पुढचा सामना बायकांचा होता. टायसनच्या आधीचा म्हणून चहाची वेळ. निम्मा हॉल खाली उतरला.

मी मात्र हलू शकत नव्हते. केबल सैल होती, अडाप्टरला एका विशिष्ट कोनात बोटानं धरून ठेवावं लागत होतं. त्यामुळं त्या सकाळी केटी टेलर आणि अमांडा सेरानो यांच्या दहाच्या दहा फेऱ्या हॉलमध्ये सगळ्यांत जवळून कुणी बघितल्या असतील तर मी.

टेलर आयर्लंडची. 2012 ला लंडन ऑलिंपिकमध्ये बायकांचं बॉक्सिंग पहिल्यांदाच आलं, त्यात 60 किलोचं सोनं हिचं. त्याच ऑलिंपिकमध्ये आपल्या मेरी कोमनं 51 किलोत कांस्य घेतलं होतं. शाळेत बाईंनी फळ्यावर तिचं नाव लिहिलेलं मला आठवतंय, तिच्याच शेजारच्या रकान्यात ही टेलर असणार हे तेव्हा कुठं माहीत होतं! सेरानो पोर्तो रिकोची, डावखुरी. दोघी 2022 ला न्यूयॉर्कला भिडल्या होत्या, तेव्हा टेलर निसटती जिंकली होती. म्हणजे ही हिशेब चुकता करायची कुस्ती.

आणि काय भिडल्या! कुस्तीत आधी खडाखडी चालते, एकमेकांचा अंदाज घेतात. इथं अंदाज-बिंदाज काही नाही. दोन-दोन मिनिटांच्या फेऱ्या, घंटा वाजली की सेरानो पुढं, टेलर मागं सरता सरता तीन-चार ठोसे घालून बाजूला. जवळ आल्या की डोक्याला डोकं लागायचं. एकदा असं लागलं की सेरानोच्या उजव्या भुवईवर चीर पडली. रक्त डोळ्यात उतरायला लागलं. फेरी संपली की कोपऱ्यातला माणूस जखम दाबून धरायचा, रक्त थांबवायचं औषध भरायचा आणि वर व्हॅसलिनसारखं काहीतरी थापायचा. मामा म्हणाले, त्या माणसाचं तेवढंच काम असतं आणि त्याला मिळतो एक मिनिट.

आणि इथं नेमकी काकी आली.

दहा अजून वाजायचे होते. डोक्याला फडकं बांधलेलं, हातात विळा तसाच. जिना चढून दारात उभी राहिली, पडद्याकडं बघितलं, आणि ताडपत्रीचं विसरून गेली.

"अगं बाई, हिला रगत आलंय की. थांबवत का न्हाईत?"

"डॉक्टर बघून जातोय काकी. तिलाच खेळायचंय."

"तिलाच?" काकी विळा बाजूला ठेवून उपड्या बादलीवर बसली. "आणि ती दुसरी? तिचं डोकं सारखं का लागालंय? मुद्दाम मारालीय व्हय?"

तेवढ्यात आठव्या फेरीत पंचानं डोक्याच्या धडकेबद्दल टेलरचा एक गुण कापला. काकीला वाटलं तिचं ऐकूनच कापला. तिथून पुढं ती सेरानोची झाली. "हाण गं बाये! हाण!" दारातला हुक्केरीचा पोरगाही पेटला, "होडी! होडी!" शब्द दोन, अर्थ एकच. आवाज ऐकून चहाला गेलेली पोरं ग्लास घेऊन वर पळत आली. जागा उरली नव्हती. शेवटच्या फेरीला इंटरनेटनंही लाज राखली, चित्र एकदाही अडलं नाही, आणि दोघी दमून ओल्या चिंब झाल्या होत्या तरी हात थांबत नव्हते. शेवटची घंटा झाली तेव्हा वस्ताद उभे होते. ते कधी उठले मी पाहिलं नाही.

माझ्या कागदावर सेरानो 96, टेलर 93. तिन्ही पंचांनी दिलं 95-94, टेलर. तिकडं टेक्सासमध्ये सत्तर हजारांवर लोक होते, त्यांनी हुर्यो उडवली. इकडं पन्नास जणांनी. मी परत बेरीज केली : गुण कापूनही 95 म्हणजे तिघांच्याही मते दहातल्या सहा फेऱ्या टेलरच्या. मला चारच दिसल्या होत्या. मामांच्या मते पाच. "लांबून सफाईनं मारलेला ठोसा आपल्याला दिसत न्हाई, पंचाला दिसतो," ते म्हणाले. असेल. मी अजूनही तो कागद ठेवलाय.

काकी उठली. पदरानं तोंड पुसलं. "लबाडी हाय ही," म्हणाली आणि सरळ फ्लेक्समागं हात घालून ताडपत्रीची दोरी सोडायला लागली.

"काकी, आता टायसन! आता खरा सामना!" भाऊ अक्षरशः आडवा आला.

"मग हा काय खोटा होता? यंत्र आलंय खळ्यावर. तासाचं भाडं कोण देणार, टायसन?"

ह्याला उत्तर नव्हतं. ताडपत्री गेली.

त्यामुळं आम्ही जो टायसन बघितला तो असा : मागच्या खिडकीतून नोव्हेंबरचं लख्ख ऊन, त्यापुढं फ्लेक्स, आणि फ्लेक्सवर धुरकट सावल्यांसारखी दोन माणसं. शिवाय उन्हानं फ्लेक्सची पुढची बाजू आरपार दिसायला लागली. रिंगच्या मधोमध वाढदिवसाच्या साहेबांचं भलंमोठं डोकं, मिशा, जोडलेले हात. शुभेच्छांची अक्षरं उलटी, त्यामुळं कन्नड आणि मराठी दोन्ही सारखीच वाचता येईनात. सीमाभागात एवढी समानता मी पहिल्यांदाच पाहिली. पॉल साहेबांच्या डाव्या कानातून निघून उजव्या कानाकडं सरकायचा, टायसन मिशीपाशी उभा.

दोघंही 103 किलोच्या घरात. हातमोजे नेहमीपेक्षा जाड, 14 औंसांचे. फेऱ्या आठ, त्याही दोन-दोन मिनिटांच्या. मी पटकन हिशेब केला, बायका वीस मिनिटं लढल्या होत्या, हे सोळाच लढणार. मोठ्यानं बोलले नाही. तशी गरजही नव्हती.

सुभेदारमामांनी 1988 ची गोष्ट सुरू केली होती. त्या जूनमध्ये टायसननं मायकेल स्पिंक्सला 91 सेकंदांत झोपवलं. पुढं कधीतरी मामांच्या मेसमध्ये व्हीसीआर भाड्यानं आणून कॅसेट लावली, सगळ्यांसाठी चहा गाळायला घेतला आणि चहा ओतून व्हायच्या आत लढत संपली. म्हणून परत लावली. परत. रात्रभर तेच. त्याच्याही आधी, 1986 ला, ट्रेव्हर बर्बिकला हरवून टायसन विसाव्या वर्षी जगज्जेता झाला होता. मामा सांगत होते आणि पडद्यावर गुडघ्याला पट्टा बांधलेला माणूस आपलाच हातमोजा दातांत धरून चावत होता.

"ते काय चावालाय?" कुणीतरी विचारलं.

"पूर्वी कान चावला होता," दुसरा. 1997, होलीफिल्डचा. सगळे हसले. मामा हसले नाहीत.

पहिली फेरी बरी गेली. टायसन पुढं सरकला, एक-दोन लागलेही, हॉलमध्ये शिट्ट्या झाल्या. तिसऱ्या फेरीत पॉलचे डावे ठोसे सारखे लागायला लागले आणि टायसनचे पाय जड झाले. उन्हात चित्र इतकं फिकट होतं की ठोसे नीट दिसत नव्हते, पण पाय दिसत होते. वस्ताद फक्त पायच बघत होते. चौथ्या फेरीला ते म्हणाले, "माणूस हातानं मारत न्हाई गा. पायानं मारतो. पाय गेलेत त्याचे." त्यांनी मांडीखालचा मोबाइल काढून मालकाला परत दिला, जिन्याच्या कठड्याला धरून एक-एक पायरी खाली उतरले. मला खालून फावड्याचा आवाज ऐकू आला. संध्याकाळच्या मेहनतीआधी माती उलटायची असते.

पुढच्या चार फेऱ्या कुणी पडद्यावर, कुणी मोबाइलवर, कुणी सावलीसाठी छत्री धरून बघितल्या. नुरा कुस्ती आहे, निकाल आधीच ठरलेला, असं एक गट म्हणायला लागला. दुसरा म्हणाला, नुरा असती तर अजून रंगवली असती. पैशांवरून वाद झाला, कुणी कोटींत, कुणी शेकडो कोटींत. शेवटच्या फेरीची काही सेकंदं राहिली आणि पॉल थांबला, टायसनपुढं वाकला. मला ते दृश्य साहेबांच्या जोडलेल्या हातांच्या बरोबर वर दिसलं, त्यामुळं नमस्कार नेमका कोण कुणाला करतंय ते कळेना. पंचांचे कागद : 80-72, 79-73, 79-73. ऐंशी म्हणजे एका पंचानं आठच्या आठ फेऱ्या पॉलला दिल्या. टायसनचे अख्ख्या सामन्यात 18 ठोसे लागले होते, पॉलचे 78.

मामांनी खुर्ची घडी केली. "कॅसेटच बरी होती," म्हणाले.

लॅपटॉप बॅगेत भरून मी खळ्यावर गेले. काकीला मदत करेन असं सकाळी कबूल करून बसले होते. यंत्राची घरघर, सगळीकडं भुसा, नाकातोंडात धूळ. भाताची रास ताडपत्रीवर पडत होती आणि ताडपत्रीच्या एका कोपऱ्यातून बारीक धार खाली मातीत जात होती. आमच्या पोरांनी दोरी पुरली नाही म्हणून तिथं खिळा मारला होता.

काकीनं भोकात बोट घालून बघितलं, माझ्याकडं बघितलं. आता शिव्या येणार म्हणून मी मान खाली घातली.

तिनं भोकावर गोणपाटाचा तुकडा सरकवला, त्यावर दगड ठेवला. यंत्राच्या आवाजावरून ओरडून विचारलं, "त्या बाईला टाके किती पडले असतील गं?"